छत, पत्रा आणि भिंत: गळती व उकाड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्चपासून मला येणारे निरोप उकाड्याचे असतात, जूनच्या पहिल्या आठवड्यापासून गळतीचे. घरं मात्र बहुतेक वेळा तीच असतात. उन्हाने रोज ताणलं जाणारं छतच पावसात गळतं, म्हणून दोन्हींची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. जिथे एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. आमचं स्लॅबचं घर दुपारपेक्षा रात्री जास्त का तापतं?

कारण काँक्रीट उष्णता साठवून ठेवतं आणि ती उशिरा खाली सोडतं. मे महिन्यात भर दुपारी प्रत्येक चौरस मीटरवर ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे जवळपास ९० किलोवॅट. त्यातलं बरंचसं स्लॅब पितो. वरचा पृष्ठभाग साठ अंशांपर्यंत जातो आणि सहा इंच जाडीतून ती धग खालच्या बाजूला पोचायला चार-पाच तास लागतात. दोनची धग तुम्हाला सात वाजता भेटते, आणि पंखा छताखालचीच गरम हवा खाटेवर आणून सोडतो.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारलं की बरं वाटतं, कारण बाष्पीभवनाने खरोखर उष्णता निघून जाते. पण तापलेल्या कोब्यावर एकदम गार पाणी ओतलं की वरच्या थराला बारीक भेगा पडतात, आणि मराठवाड्यात मे महिन्यात गच्चीवर ओतायला पाणी असतं कुठे? ऊन आत शिरण्याआधीच परत पाठवणं जास्त शहाणपणाचं. त्यासाठी प्रश्न ३ पाहा.

२. छत गळतंही आणि तापतंही. पैसे एकाच कामापुरते आहेत. आधी काय करू?

आधी गळती. ओल्या छतावर लावलेला उष्णतारोधक रंग पोपड्यांनी निघतो आणि ओलं झालेलं इन्सुलेशन निरुपयोगी होतं. क्रम असा ठेवा: ढाळ आणि पाणी जाण्याची वाट, मग सांधे, मग वॉटरप्रूफिंग, आणि शेवटी ऊन अडवणारा थर.

मात्र शेवटचा टप्पा कायमचा पुढे ढकलू नका. दहा मीटर लांबीचा स्लॅब २० अंशांनी तापला की साधारण दोन मिलिमीटर वाढतो आणि रात्री पुन्हा आखडतो. हे रोज होतं. वरच्या मजल्यावर भिंत आणि छत मिळतात तिथे जी आडवी भेग दिसते, कठड्याच्या मुळाशी जो सांधा उघडतो, त्यामागे बहुतेक वेळा हीच ये-जा असते. ऊन अडवलं की ही हालचाल कमी होते आणि वॉटरप्रूफिंगही जास्त वर्षं टिकतं. गार छत हा विजेच्या बिलाइतकाच छताच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

३. गच्चीला पांढरा रंग लावून खरंच फरक पडतो का? साधा चुना चालेल का?

पडतो. जुनं, काळवंडलेलं काँक्रीट जेमतेम २० ते ३० टक्के ऊन परतवतं. चांगला नवा पांढरा थर ७० ते ८० टक्के परतवतो. भर दुपारी दोन्हींच्या पृष्ठभागात पंधरा-वीस अंशांचा फरक सहज असतो. खोलीतला फरक त्याहून बराच कमी, दोन ते चार अंशांचा असतो, पण रात्री झोप लागण्यासाठी तेवढा पुरतो.

लातूर जिल्ह्यातल्या एका घरी रंग कमी पडल्याने अर्धीच गच्ची पांढरी झाली होती. मी एप्रिलमध्ये दुपारी तिथे गेलो तेव्हा घरच्या काकूंनी कुरडयांचं प्लॅस्टिक पांढऱ्या अर्ध्यात सरकवलं होतं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "इथं बसून उलटता येतात. तिकडं बूड टेकवत न्हाई." मी दोन्ही भागांवर तळवा ठेवून पाहिला. कोब्यावरून तो लगेच उचलावा लागला.

चुना चालतो, आणि ज्यांच्याकडे फार पैसे नाहीत त्यांना मी आधी चुनाच सुचवतो. तो एक उन्हाळा काढतो, पावसात धुऊन जातो, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा लावायचा. घट्ट बसावा म्हणून त्यात डिंक घाला, पण मीठ घालू नका. मिठातलं क्लोराइड ओलीबरोबर सळईपर्यंत पोचतं आणि तिला गंज चढवतं (प्रश्न ७). पत्र्याला चुना टिकत नाही, त्याला पत्र्यासाठीचाच रंग हवा.

तयार 'कूल रूफ' कोटिंग घेताना डब्यावरचा एसआरआय, म्हणजे सूर्यप्रकाश परतवण्याचा निर्देशांक, पाहा. तो लिहिलेला नसेल तर तो नुसता पांढरा रंग समजा. आणि कुठलाही पांढरा थर धुळीने व शेवाळाने काळा पडतो. वर्षातून एकदा, होळीच्या सुमारास, ब्रश आणि पाण्याने गच्ची धुवा. तेवढ्याने हरवलेल्या चमकेचा मोठा भाग परत येतो.

ही गोष्ट आता सरकारी धोरणांतही आली आहे. २०१० च्या भीषण उष्णतेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्माघात कृती आराखडा आणला आणि पुढे झोपडवस्त्यांची छतं पांढरी करण्याचं काम त्यात जोडलं. तेलंगणने २०२३ मध्ये गार छतांचं स्वतंत्र धोरणच जाहीर केलं. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या नगरपालिकांनी हे मनावर घ्यावं असं मला फार वाटतं, कारण सगळ्यात जास्त होरपळतात ती पत्र्याखालची माणसं.

४. ब्रिकबॅट कोबा चांगला की नुसतं केमिकल? गवंडी एक सांगतो, दुकानदार दुसरंच.

दोन्ही बरोबर सांगतात, कारण दोघं वेगवेगळ्या कामाबद्दल बोलत असतात. विटांच्या तुकड्यांचा कोबा मुख्यतः ढाळ देतो आणि थोडी उष्णता अडवतो. पाणी अडवण्याचं खरं काम त्याच्या खाली, स्लॅबवर लावलेल्या थराचं. तो थर नसेल तर कोबा पावसाळाभर पाणी पिऊन बसतो आणि दिवाळीपर्यंत खाली टिपकत राहतो.

नव्या घरात स्लॅब साफ करून त्यावर सिमेंट-पॉलिमरचे दोन हात द्या, मग कोबा करा आणि वर चायना मोझेक बसवा. कपबश्यांच्या पांढऱ्या तुकड्यांची ती जुनी पद्धत मला आजही आवडते, कारण एकाच थरात पाणीही वाहून जातं आणि ऊनही परततं. ढाळ दर मीटरला किमान एक सेंटिमीटर ठेवा, कोकणात सव्वा. कठडा आणि गच्ची मिळतात तिथे गोलाकार वाटा, म्हणजे कोपरा भरणारी सिमेंटची गोलाई, मारून घ्या. काटकोनी कोपऱ्यात कुठलंच कोटिंग टिकत नाही.

फक्त केमिकल करायचं तर ॲक्रिलिक थर पाणी साचणाऱ्या जागी लवकर फुगतो, पॉलियुरेथेन जास्त तग धरतं. डांबरी मेंब्रेन उघडं ठेवलं तर ऊन त्याला कोरडं करून तडकवतं आणि घर आणखी तापवतं. त्यावर पांढरा किंवा ॲल्युमिनियमचा थर हवाच.

५. जुना कोबा खराब झालाय. काढायला महाग पडतं म्हणून त्यावरच दुसरा कोबा टाकू का?

नको. कोब्याचा चार इंचांचा थर चौरस मीटरला १८० ते २०० किलो भरतो. वापरात असलेल्या गच्चीवर माणसं, सामान वगैरेंसाठी भारतीय मानक साधारण १५० किलो धरतं. म्हणजे दुसऱ्या कोब्याने ती सगळी मुभा संपते आणि वर आणखी बोजा चढतो. तीस-चाळीस वर्षांच्या, आतून सळई गंजलेल्या स्लॅबवर हे करणं धोक्याचं आहे. एका गच्चीवर मी एकावर एक तीन कोबे पाहिले आहेत. कठडा गुडघ्याएवढा उरला होता.

आधी हातोडीच्या दांड्याने सगळी गच्ची ठोकून पाहा. टणक आवाज येतो तिथे कोबा धरून आहे, पोकळ भद्द आवाज येतो तिथे सुटला आहे. थोडाच भाग सुटला असेल तर तेवढाच काढून भरा आणि वर हलकं कोटिंग करा. अर्ध्याहून जास्त सुटला असेल तर पूर्ण काढण्याला पर्याय नाही.

६. ओल हॉलच्या मधोमध दिसते, पण वर गच्चीवर त्या जागी एकही भेग नाही. पाणी येतं कुठून?

बहुधा कडेकडून. पाणी कोब्यात शिरतं एका जागी, स्लॅबच्या ढाळाने सरकतं आणि जिथे काँक्रीट पोकळ असेल किंवा वायरिंगचा पाइप असेल तिथे बाहेर पडतं. पंख्याच्या हुकातून टिपकणारं पाणी तीन-चार मीटर लांबच्या कठड्यापासून आलेलं असू शकतं.

शोध याच क्रमाने घ्या: पाण्याच्या पाइपांची तोंडं, टाकीच्या खांबांची मुळं, गच्चीच्या दाराचा उंबरा, कठड्याचा माथा, केबलवाल्याने पाडलेली भोकं. मोकळ्या गच्चीच्या मध्यातून सुरू झालेली गळती मला क्वचितच आढळली आहे. कठड्यात उगवलेलं पिंपळाचं रोपटं दिसलं तर ओढून काढू नका, ओढल्याने भेग रुंदावते आणि मूळ आतच राहतं. ते कापा, मूळ मारा, मग भेग भरा.

खात्री करायची तर पाणी कोंडून पाहा. आउटलेट बंद करून दोन इंच पाणी ४८ तास ठेवा, एका वेळी एकच भाग. दोन इंच पाण्याचंही चौरस मीटरला ५० किलो वजन होतं, म्हणून सळया उघड्या पडलेल्या जुन्या स्लॅबवर ही चाचणी इंजिनियरला विचारल्याशिवाय करू नका.

७. छताचं प्लॅस्टर पडून सळया दिसतायत. वरून वॉटरप्रूफिंग केलं की थांबेल ना?

नाही. गंजलेल्या सळईची जागा वाढते. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि आतून खपली उडवतो. वरून पाणी थांबवलं की वेग कमी होतो, पण हवेतला दमटपणा आणि आधीच शिरलेलं क्लोराइड काम चालूच ठेवतात. सुटलेलं सगळं काँक्रीट काढावं लागतं, सळई मागच्या बाजूनेही घासून चकचकीत करावी लागते, तिची उरलेली जाडी मोजावी लागते, गंजरोधक थर द्यावा लागतो आणि मग पॉलिमर मॉर्टर. नुसता नवा गिलावा म्हणजे जखमेवर पावडर.

नवं घर बांधत असाल तर हे टाळणं तुमच्या हातात आहे. आयएस ४५६ प्रमाणे कोरड्या, सौम्य हवामानात सळईवर २० मिलिमीटर काँक्रीटचं कवच पुरतं, किनारपट्टीच्या उघड्या हवेत ते ४५ सांगितलं आहे. स्लॅब भरायच्या दिवशी सळईखालचे कव्हर ब्लॉक स्वतः मोजा. त्या दिवशीचा अर्धा तास पुढची वीस वर्षं वाचवतो.

८. उष्णता अडवायला इन्सुलेशन छताच्या वर लावायचं की खाली? आणि किती जाड?

जमेल तर वर. वर लावलं की स्लॅब स्वतः सावलीत राहतो, कमी प्रसरण पावतो आणि घराला गारव्याचा साठा म्हणून उपयोगी पडतो. खाली लावलं तर खोली गार होते, पण स्लॅब पूर्वीसारखाच तापून तडकत राहतो.

उघड्या सहा इंची स्लॅबची यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता किती सहज आत येते याचं माप, तीनच्या वर असते. केंद्र सरकारच्या इको निवास संहिता २०१८ या ऊर्जाबचतीच्या नियमावलीने निवासी इमारतींच्या छतासाठी १.२ ची कमाल मर्यादा घातली. एक्सपीएस नावाचा दाट फोमचा बोर्ड २५ मिलिमीटर जाडीचा घातला तरी आकडा एकच्या थोडा खाली येतो आणि ५० मिलिमीटरला साधारण ०.५५ होतो. पहिल्या इंचाला सर्वांत जास्त फायदा, पुढे कमी होत जातो. नागपूर, सोलापूरसारख्या ठिकाणी वरच्या मजल्यावर एसी चालत असेल तर ५० घ्या. मुंबई-रत्नागिरीत मी पैसे आधी वॉटरप्रूफिंगला आणि वारा खेळण्याला देईन.

थर्मोकोल आणि एक्सपीएस वेगळे आहेत. साधा पांढरा दाणेदार थर्मोकोल पाणी धरतो, कोब्याखाली घालू नका.

९. कोकणातलं घर आहे. दरवर्षी कौलं शाकारायला माणूस मिळत नाही. कौलं काढून पत्रा टाकावा का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो, मुंबईहून गावच्या घराची काळजी वाहणाऱ्या चाकरमान्यांकडून. त्यांची अडचण खरी आहे. वानरं कौलं फोडतात, शाकारणारे हात उरले नाहीत आणि आई-वडील शिडीवर चढू शकत नाहीत.

तरी काढण्याआधी कौल काय करतं ते पाहू. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला काढला आणि तेव्हापासून हे कौल किनाऱ्याच्या पावसात टिकून आहे. ते गंजत नाही, खाऱ्या वाऱ्याचं त्याला काही वाटत नाही, आणि कौलाकौलांमधल्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. भाजकी माती थोडं पाणी पिते आणि ऊन पडल्यावर ते सोडताना गार राहते. चांगलं कौल पन्नास वर्षं सहज काढतं. आधी मोडतो तो वासा आणि पट्टी.

मधला मार्ग आहे आणि तो कोकणात आता बराच रुळला आहे: खाली पत्रा, वर तीच जुनी कौलं. पाणी पत्रा अडवतो, ऊन कौल अडवतं, मधल्या पोकळीतून हवा जाते. वानराने दोन कौलं फोडली तरी पाऊस घरात येत नाही. पण एक चूक वारंवार दिसते. कौलं धरणाऱ्या आडव्या पट्ट्या थेट पत्र्यावर ठोकतात. मग पानं, कचरा आणि पाणी प्रत्येक पट्टीमागे अडतं आणि नेमक्या तिथेच पत्रा सडतो. आधी उताराच्या दिशेने उभ्या पट्ट्या घाला, त्यावर आडव्या. म्हणजे पाण्याला खालून वाट राहते. उतार तीस अंशांच्या आसपास ठेवा आणि वळचण आखडती घेऊ नका. पागोळ्या भिंतीपासून दूर पडल्या तरच जांभ्याची भिंत कोरडी राहते.

१०. पत्रा घ्यायचाच आहे. कुठला टिकतो?

पत्र्याचं आयुष्य ठरवतात मुलामा, जाडी आणि स्क्रू. गॅल्व्हल्यूमच्या मुलाम्यात ५५ टक्के ॲल्युमिनियम, साधारण ४३.५ टक्के जस्त आणि दीड टक्का सिलिकॉन असतं. साध्या जस्ताच्या पत्र्यापेक्षा तो बराच टिकतो. 'एझेड १५०' म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम मुलामा. यापेक्षा कमी घेऊ नका. जाडी विचारताना रंग-मुलाम्यासह की नुसत्या पोलादाची, हे स्पष्ट विचारा. ०.४७ आणि ०.५० च्या गोंधळात बरेच जण पातळ पत्रा जाड म्हणून घेतात.

गॅल्व्हल्यूम दोन ठिकाणी हरतो. गोठ्यावर, कारण शेण-मुताच्या वाफेतला अमोनिया ॲल्युमिनियमला खातो. आणि समुद्राच्या अगदी काठावर, जिथे कंपन्यांची हमीही बहुधा लागू होत नाही. हमीपत्रावर किनाऱ्यापासूनचं अंतर लिहिलेलं असतं, ते वाचा. समुद्रकाठी ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा कौल.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत आलं. त्यानंतर तिकडच्या वाड्यांत फिरताना मी जे पाहिलं ते डोळ्यांपुढून जात नाही. पत्रे माडांमध्ये जाऊन अडकले होते आणि छताच्या लोखंडी नळ्यांवर स्क्रू मात्र जसेच्या तसे उभे होते, वॉशरसकट. पत्रा स्क्रूभोवती फाटून निघून गेला होता. वारा छताच्या कडा, कोपरे आणि मोभाजवळ सर्वांत जास्त वर खेचतो. म्हणून तिथे प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, रुंद वॉशरसह, आणि नळ्या भिंतीत नीट बांधलेल्या. स्क्रू खोबणीत नाही, उंचवट्यावर. पत्रा ग्राइंडरने कापू नका. ठिणग्या मुलामा जाळतात आणि वर्षभरात काठ लाल होतो. रबरी वॉशर उन्हात कडक होतात, आठ-दहा वर्षांनी ते बदलावेच लागतात.

११. पत्र्याखाली भट्टी होते. चांदीसारखा बबल फॉइल लावला तरी फरक पडला नाही. का?

तो पत्र्याला चिकटवून लावला असेल. फॉइल उष्णतेचे किरण अडवतो, पण त्याच्या चकचकीत बाजूसमोर किमान इंचभर हवेची पोकळी असेल तरच. चिकटवला की उष्णता थेट स्पर्शाने खाली येते. पत्र्यापासून खाली सोडून ताणा आणि मोभाजवळ गरम हवेला बाहेर पडायला जागा ठेवा. वरून पत्र्याला पांढरा रंग द्या, तो फॉइलपेक्षा स्वस्त पडतो आणि जास्त काम करतो. बजेट असेल तर पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला तक्ता. चुलीच्या किंवा गॅसच्या वर उघडा थर्मोकोल कधीही लावू नका, तो पेटला की वितळून अंगावर पडतो.

१२. पाऊस नाही, तरी पहाटे पत्र्यातून थेंब पडतात. गळती कुठे शोधू?

ही गळती नाही, दव आहे. स्वच्छ आकाशाच्या रात्री पातळ पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो आणि खोलीतली दमट हवा त्याच्या पोटाला लागून पाणी होते. स्क्रूवर सील लावत बसलात तर पैसे वाया जातील. हवेला वाट द्या आणि पत्र्याखाली इन्सुलेशनचा अखंड थर लावा. त्याचे सांधे टेपने बंद असू द्या.

१३. घरावर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. काढू की रंगवू?

त्यात ॲस्बेस्टॉस असतं. पत्रा अखंड असेल तोवर धोका कमी, कापताना, भोकं पाडताना, तारेच्या ब्रशने घासताना सर्वांत जास्त, कारण सुटलेले तंतू फुप्फुसात जाऊन बसतात. अखंड असतील तर ओले करून मऊ ब्रशने हळूच धुवा आणि रंगवा, उन्हाळा सुसह्य होईल. तडकले असतील तर ओले करून, तुकडे न करता उतरवा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि नगरपालिकेला विचारून द्या. त्यांची खोपटी-कुंपणं करू नका. आणि अशा पत्र्यावर सरळ पाय ठेवून कुणालाही चढू देऊ नका. पत्रा फुटून माणसं खाली पडतात आणि जीव जातो. फळी टाकूनच चढायचं.

१४. भिंतीला एएसी ब्लॉक घ्यावेत, वीट की जांभा?

उष्णतेच्या हिशेबात एएसी, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेलं हलकं काँक्रीट, पुढे आहे. नऊ इंची विटेच्या भिंतीची यू-व्हॅल्यू दोनच्या वर जाते, आठ इंची एएसीची ०.८ च्या आसपास राहते, आणि वजन विटेच्या साधारण एक तृतीयांश. पण ब्लॉक पाणी पितो. बाहेरचा गिलावा कच्चा असेल तर कोकणातल्या झडीत तो भिंत ओली ठेवतो. काँक्रीटचा खांब आणि ब्लॉक मिळतात तिथे जाळी न घालता गिलावा केला की पहिल्याच वर्षी उभी भेग ठरलेली.

अलिबागपासून सिंधुदुर्ग-गोव्यापर्यंत चांगला जांभा मिळत असेल तर मी तोच घेईन. खाणीतून काढल्यावर हवेत तो कडक होतो, भिंत जाड असते आणि दुरुस्ती गावातच होते. त्याला पाणबंद प्लॅस्टिक रंगाने गुदमरवू नका. आत शिरलेलं पाणी बाहेर पडू शकत नाही, मग लोणा लागतो आणि पोपडे निघतात. जुनी माणसं पावसाळ्याआधी पश्चिमेला झाप बांधत असत, त्यामागे हेच होतं: भिंत भिजूच द्यायची नाही. आज तेच काम रुंद छज्जा आणि पडवी करते.

१५. आमचं जुनं माळवदाचं घर उन्हाळ्यात गार राहतं, पण सगळे पाडून स्लॅब टाका म्हणतात. खरंच पाडावं का?

माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवरच्या मातीच्या सपाट छताची, भीती कुठून आली ते समजून घ्यायला हवं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसं स्वतःच्या घरांखाली गेली. घरं मातीची होती हे कारण अपुरं आहे. गोलसर दगड मातीत रचलेले, भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला जोडणारे आरपार लांब दगड नाहीत, आणि डोक्यावर दरवर्षी भर टाकून एक-दोन फुटांचा झालेला मातीचा थर. फूटभर माती चौरस मीटरला चारशे-पाचशे किलो भरते. जिथे माळवद लाकडी खांबांवर नीट बसलेलं होतं तिथे काही घरांत भिंती पडल्या आणि छत उभं राहिलं.

म्हणून पाडण्याआधी तपासा. खांब, तुळया वाळवीने पोखरल्या नसतील तर मातीचा थर आठ इंचांच्या आत आणा, त्याखाली जाड प्लॅस्टिकचा थर घाला म्हणजे दरवर्षी भर टाकावी लागणार नाही, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार बांधणी करून घ्या आणि छताच्या पातळीला सलग पट्टा द्या. हे काम भूकंपाचं जाणणाऱ्या इंजिनियरच्या देखरेखीखालीच व्हावं. खांब गेले असतील तर मोह सोडा. आणि मातीच्या भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

१६. सोसायटीत वरच्या मजल्यावर आहोत. गच्ची गळते. खर्च कुणाचा?

महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची दुरुस्ती, पावसाच्या पाण्याची गळती आणि त्यामुळे वरच्या मजल्याच्या छताचं झालेलं नुकसान ही सोसायटीची जबाबदारी आहे. खर्च सर्व सभासदांचा, फक्त वरच्यांचा नाही. वरच्या शेजाऱ्याच्या बाथरूममधून येणारी गळती मात्र त्या सभासदाची. तक्रार लेखी द्या, फोटोवर तारीख असू द्या. इमारत १५ वर्षांवरची असेल तर दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांवरची असेल तर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी उपविधींत सांगितली आहे, तिचा अहवाल मागा. गच्चीवर पत्र्याची शेड टाकायचा ठराव झाला तरी पालिकेची परवानगी लागतेच.

१७. सोलर पॅनेल बसवायचेत. गच्चीला भोकं पडून गळेल का?

पडली तर गळेल, म्हणून पाडू देऊ नका. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यावर सांगाडा उभा करता येतो. वाऱ्याचा हिशेब मात्र लेखी घ्या, विशेषतः आठ फूट उंच सांगाड्यासाठी. पॅनेलं पंचवीस वर्षं चालतात, वॉटरप्रूफिंग आठ-दहा वर्षं. म्हणून आधी वॉटरप्रूफिंग, आणि पॅनेलखाली माणूस वाकून काम करू शकेल एवढी जागा. पॅनेलांच्या सावलीने त्यांच्याखालचा स्लॅबही गार राहतो, हा फायदा धरायला लोक विसरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅट आणि त्यावर ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. ते वाचलेले पैसे गच्चीला लावा.

१८. गच्चीवर माती टाकून बाग केली तर घर गार राहील ना?

राहील, पण फूटभर ओल्या मातीचं वजन प्रश्न १५ मधलंच आहे आणि गच्चीची मुभा प्रश्न ५ मधली. जुन्या घरात सपाट वाफे नकोत. कोकोपीट आणि पालापाचोळ्याच्या हलक्या मिश्रणाच्या कुंड्या, बीमवर आणि कडेने, स्टँडवर ठेवा. खालून झाडू फिरेल एवढी जागा ठेवली की गळतीही लवकर दिसते.

१९. ठेकेदार दहा वर्षांची हमी देतोय. सही करू का?

त्याआधी चार गोष्टी कागदावर घ्या. हमी कोण देतंय, माल बनवणारी कंपनी की ठेकेदार? सांधे, पाइपांची तोंडं आणि कठडा त्यात धरलेत का? कोणत्या मालाचे किती थर आणि चौरस मीटरला किती किलो? काम संपल्यावर पाणी कोंडून दाखवणार का? शेवटच्या प्रश्नावर जो कां-कूं करतो त्याला काम देऊ नका. माझ्या स्वतःच्या घरी एकदा मी ओळखीच्या भरवशावर ही चाचणी सोडून दिली, आणि पहिल्याच आषाढात देवघराच्या कोपऱ्यात ओल आली. हमीचा कागद होता, पण त्यात पाइपाचं तोंड धरलेलं नव्हतं.

२०. आत्ता जून चालू आहे आणि गळती सुरू झाली. लगेच वॉटरप्रूफिंग करून घेऊ?

ओल्या पृष्ठभागावर बहुतेक कोटिंग धरत नाहीत. आत्ता आउटलेट आणि पन्हाळी साफ करा, साचलेलं पाणी काढा, गळक्या सांध्यावर ताडपत्री टाकून कडेला विटांनी दाबा आणि खाली त्या भागातला विजेचा पुरवठा बंद ठेवा. कुठे, कोणत्या पावसात, किती वेळाने ओल येते ते वहीत लिहा आणि पेन्सिलने छतावर ओलीची कड आखून तारीख घाला. दिवाळीनंतर गवंडी येईल तेव्हा त्या पेन्सिलच्या रेघा त्याला दाखवा.